फॅस्मोफोबिया: सगळं घर पालथं घालतो, पण भूत कुठल्या खोलीत आहे तेच कळत नाही

राजारामपुरी_आठवी_गल्ली

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, चौघंही कोल्हापूरचेच. फॅस्मोफोबिया, म्हणजे टीमनं घरात शिरून भुताचा प्रकार ओळखायचा व्हिडिओ गेम, नुकता सुरू केलाय. अजून अमॅच्युअर या सोप्या पातळीवरच आहोत, मॅप टँगलवुड आणि एजफील्ड ही घरं. भुताचा प्रकार ओळखायचं पुढचं पुढं, आमचं घोडं खोली शोधण्यातच अडतंय.

अडचणी सांगतो. थर्मामीटर घेऊन फिरलो तर दहा मिनिटांनी सगळ्याच खोल्या गार दाखवतो. ईएमएफ (भुताच्या हालचालीवर वाजणारा रीडर) एकदा किचनमध्ये वाजला म्हणून भुतानं लिहायची वही, कॅमेरा, सगळा संसार तिथं नेऊन मांडला, नंतर तिथं चिटपाखरू नाही. स्पिरिट बॉक्स, म्हणजे भुताला प्रश्न विचारायचा रेडिओ, नुसता खरखरतो. पाच मिनिटं अशीच जातात आणि मग हंट (भूत आपल्या शिकारीला निघतं तो वेळ) सुरू होऊन निम्मी टीम गारद.

तर विचारायचं एवढंच: आत शिरल्यावर पहिल्यांदा काय करायचं, कुठल्या खुणेवर विश्वास ठेवायचा आणि कुठल्या नाही? हातात तीनच वस्तू मावतात, मग पहिल्या फेरीत कुठल्या न्यायच्या? चौघांनी एकत्र फिरायचं की पांगायचं?

थर्मामीटरवाला

भावा, सगळ्या खोल्या गार याचा अर्थ नव्वद टक्के वेळा एकच: ब्रेकर, म्हणजे घराच्या विजेचा मुख्य स्विच, बंद आहे. ब्रेकर बंद असला की अख्खं घर हळूहळू गार पडत जातं, भूत असो वा नसो. चालू असला की रिकाम्या खोल्या उबदार होत जातात आणि भुताची तेवढी गार राहते. फरक दिसायला लागतो तो यामुळं. म्हणून दार उघडलं की पहिलं काम ब्रेकर. सोप्या पातळ्यांवर तो कुठं आहे हे बाहेरच्या आपल्या व्हॅनमधल्या नकाशावर दिसतं, निघायच्या आधी बघून घ्या. आणि प्रत्येक खोलीतला दिवा लावत सुटू नका. एका वेळी फार दिवे लागले की ब्रेकर आपोआप पडतो, आणि नवीन लोक त्यालाच "भुतानं लाईट घालवली" म्हणून जर्नल (पुराव्यांची नोंदवही) उघडून बसतात.

आता थर्मामीटर. तुमच्याकडं पहिल्या टियरचा, म्हणजे सगळ्यात साध्या दर्जाचा, काचेचा असणार. तो संथ आहे. दारातून डोकावून पुढं पळालात तर तो अजून मागच्या खोलीचाच आकडा दाखवत असतो. खोलीच्या मध्यावर उभं राहायचं, पारा हलायचा थांबेपर्यंत थांबायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा, मग पुढची खोली. कंटाळवाणं आहे, पण एका खोलीला दिलेले ते काही सेकंद पुढची दहा मिनिटं वाचवतात. दुसऱ्या टियरचा डिजिटल मिळाला की कामाचा वेग वाढतो आणि तिसऱ्या टियरच्या इन्फ्रारेडनं तर दारातूनच काम होतं. पैसे साठले की टॉर्चच्याही आधी थर्मामीटर अपग्रेड करा असं माझं मत.

एका आकड्यावरून काही ठरवू नका, तुलना करा. समजा बाकी घर १६ अंशांवर आहे आणि एकच खोली ९ वर, तर ती संशयित. पुढच्या फेरीत बाकी घर १७ झालं आणि ती खोली ७ वर गेली, तर संशय पक्का. दोन फेऱ्यांत आकडा कुठल्या दिशेनं जातोय हे बघायचं. पहिल्याच फेरीत "इथं ११ आहे, हीच" असं म्हणणं म्हणजे पातेल्याचं झाकण न काढता रश्श्याला मीठ कमी आहे सांगण्यासारखं.

शून्याखाली जाणं ही वेगळी गोष्ट. ज्या भुताच्या पुराव्यांत 'फ्रीझिंग' आहे त्याचीच खोली उण्यात जाते. बाकीच्यांची खोली गार होते पण शून्याच्या वरच राहते. त्यामुळं "उणे दिसत नाही म्हणजे इथं भूत नाही" हे चूक. तोंडातून वाफ दिसली म्हणूनही फ्रीझिंगवर टिक करू नका, थर्मामीटरवर उणे आकडा दिसेपर्यंत हात आवरा.

हवामान बघायला विसरू नका. बर्फ पडत असेल तर घर मुळातच गार असतं, फरक उमटायला वेळ लागतो. अशा कॉन्ट्रॅक्टला (म्हणजे डावाला) एक फेरी जास्त मारायची तयारी ठेवा.

आणखी एक. बेडरूमला चिकटलेली बाथरूम ही गेमच्या हिशेबात वेगळी खोली असते. टँगलवुडच्या मास्टर बेडरूममध्ये हमखास फसायला होतं: बेडरूम मापली, काही नाही म्हणून पुढं गेले, आणि भूत आतल्या बाथरूममध्ये. तळघर, गॅरेज, युटिलिटी यांचंही तसंच. घराच्या कडेच्या लहान खोल्या लोक सोडून देतात आणि मग "भूतच नाही" म्हणून ओरडतात.

भवानी_मंडप

वरच्याशी सहमत. किचनचं जे झालं ते ईएमएफचा आकडा न बघितल्यामुळं झालंय असं वाटतं, म्हणून त्याबद्दल लिहिते.

ईएमएफ वाजला एवढं पुरत नाही, किती वाजला ते बघा. २ म्हणजे भुतानं काहीतरी हाताळलं: दार, स्विच, नळ. ३ म्हणजे वस्तू फेकली. ४ म्हणजे घोस्ट इव्हेंट, म्हणजे ते दिसलं, गायलं, अंगावर आलं वगैरे. ५ हा पुरावा, आणि तो ज्या भुताच्या यादीत आहे त्याच्याच बाबतीत येतो. अशा भुतालासुद्धा प्रत्येक वेळी ५ येत नाही, साधारण चारात एकदा येतो. त्यामुळं दोन-तीनदा २ दिसला म्हणून "ईएमएफ ५ नाही" असं खोडू नका.

खोली शोधायला २ आणि ३ उपयोगी. ४ अजिबात नाही. इव्हेंट भूत आपल्या खोलीपासून लांब, खेळाडूच्या आसपास करू शकतं. हॉलमध्ये बाई उभी दिसली म्हणून हॉलमध्ये वही ठेवणं ही नवख्यांची सगळ्यात लोकप्रिय चूक. तुमच्या किचनमध्ये ४ वाजला असण्याची दाट शक्यता.

एका ठिकाणचा सिग्नल २० सेकंद टिकतो. म्हणजे आवाज ऐकू आला की वीस सेकंदांत तिथं पोचलं पाहिजे. व्हॅनमधून रीडर आणायला गेलात तर संपलं.

२ चा अर्थही जपून लावा. दार दोन खोल्यांच्या मध्ये असतं, ते हललं तर भूत अलीकडं की पलीकडं हे दार सांगत नाही. स्विचचंही तेच, बरेच स्विच दाराला लागून असतात. याउलट टेबलावरची बशी उडाली तर ती मूळ जिथं होती ती खोली धरायची, जिथं जाऊन पडली ती नाही. नळ सुरू झाला तर बाथरूम किंवा किचन स्पष्टच.

मी एकच कसोटी लावते: एकाच खोलीत, वेगवेगळ्या जातीच्या दोन खुणा. गारवा आणि ईएमएफ २. किंवा हातांचे ठसे आणि फेकलेली वस्तू. एकाच जातीच्या दोन खुणा, म्हणजे दारच दोनदा वाजलं, ही अर्धीच साक्ष.

आपल्याकडं रानात चकवा लागतो म्हणतात, माणूस त्याच त्याच जागी गोल फिरत राहतो. या गेममध्ये चकवा देणारी दोन भुतं ठरलेली आहेत. रेथ खेळाडूजवळ अचानक येऊन जातो आणि तिथं ईएमएफ सोडतो, तुम्ही जिथं असाल तिथंच. आणि ट्विन्स जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी हालचाल करतात. किचन आणि लांबची बेडरूम एका दमात वाजली तर गोंधळू नका, ट्विन्सचं नाव डोक्यात ठेवा आणि थर्मामीटरचं ऐका.

यूव्ही टॉर्चबद्दल थोडक्यात: भुतानं हात लावलेलं दार, स्विच, खिडकीची काच यांवर ठसे उमटतात, पण ते २ मिनिटंच राहतात आणि ठशांचा पुरावा असलेल्यांतलं ओबाके हे भूत कधीकधी ठसाच सोडत नाही. दार हलल्याचा आवाज आला की लगेच यूव्ही मारा. सहा बोटांचा ठसा दिसला तर थेट ओबाके, तिथंच काम झालं.

रंकाळा_रात्रपाळी

एका बाबतीत माझं वेगळं मत आहे. थर्मामीटरवर एवढा भर कशाला? व्हिडिओ कॅमेरा घ्या, नाईट व्हिजन लावा, खोलीत अंधार करा आणि घोस्ट ऑर्ब शोधा. ऑर्ब भुताच्या आवडत्या खोलीतच तरंगतो. भूत फिरायला गेलं तरी ऑर्ब त्याच्या मागं जात नाही. गारवा तसा नाही, भूत ज्या खोलीत जाऊन थांबेल ती थोडी गार होते. म्हणजे खोली ठरवायला ऑर्बइतकी खणखणीत खूण दुसरी नाही.

पद्धत: कॅमेरा ट्रायपॉडवर, दाराशेजारच्या कोपऱ्यात, समोरचा कोपरा दिसेल असा. व्हॅनमधल्या पडद्यावर ५-१० सेकंद डोळे लावून बसायचं. लहान पांढरा ठिपका तरंगत जातो, विरतो, पुन्हा उगवतो. पडद्यावरचे दाणे एका जागी थरथरतात, ऑर्ब मात्र एका दिशेनं वाहतो. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा हातात धरून दारातून दारात जात राहा, तेही चालतं. दिवा लावलेल्या खोलीत ऑर्ब शोधू नका.

थर्मामीटरवाला

ऑर्ब दिसला तर खणखणीत, मान्य. पण ऑर्ब सगळ्या भुतांना नसतो. सात पुराव्यांपैकी तो एक. नसला तर अख्खं घर कॅमेऱ्यातून बघून हाती शून्य, आणि त्या शून्याचा अर्थ "मी नीट बघितलं नाही" की "ऑर्बच नाही" हे नवख्याला कळत नाही. गारवा प्रत्येक भुताला असतो. म्हणून पहिलं थर्मामीटर, आणि संशयित खोली दोनवर आली की मग तुमचा कॅमेरा. मिमिक या भुताचंही लक्षात असू द्या. तो आपल्या तीन पुराव्यांवर वर्गणीसारखा ऑर्ब फुकट देतो. खोली शोधायला त्याचा ऑर्ब चालतोच, नाव लिहिताना घोळ होतो.

रंकाळा_रात्रपाळी

बरोबर. दोनवर आल्यावर कॅमेरा, तडजोड मंजूर.

शाहूपुरी_व्हॅनमास्टर

स्पिरिट बॉक्सबद्दल कुणी बोललं नाही. "तू कुठं हाईस रं?" असं कोल्हापुरीत विचारलंत तर भूत घाबरेल एक वेळ, उत्तर देणार नाही. आवाज ओळखायच्या भाषांत मराठी नाही. सेटिंगमध्ये भाषा इंग्रजी करा आणि ठरलेलेच छोटे प्रश्न विचारा: कुठं आहेस, वय काय. लांबलचक वाक्यं नकोत. उच्चार पकडत नसेल, किंवा घरात रात्री मोठ्यानं बोलता येत नसेल, तर सेटिंगमध्ये आवाजाऐवजी लेखी प्रश्नांचा पर्याय आहे. तो घेतला की प्रश्न पडद्यावर येतात, निवडायचा आणि विचारायचा. यानं निम्म्या लोकांचा स्पिरिट बॉक्स "दुरुस्त" होतो.

तरीही खरखर चालू राहिली तर या गोष्टी तपासा. खोलीतला दिवा बंद पाहिजे. पहिल्या टियरच्या बॉक्सला भूत ३ मीटरच्या आत लागतं, म्हणजे त्याच खोलीत शिरून, मध्ये उभं राहून विचारायचं. आणि व्हॅनमधल्या फळ्यावर भूत सगळ्यांना उत्तर देतं की एकट्यालाच, ते वाचा. एकट्यालाच देणारं असेल तर चौघं मिळून रात्रभर विचारलंत तरी गप्प बसेल. एकानं आत जायचं, दार लावायचं, बाकीच्यांनी लांब व्हायचं. दोन-चार प्रश्नांवर सोडू नका, दहा-बारा तरी विचारा, दोन-तीन जागा बदलून.

खोली शोधण्यासाठी मात्र स्पिरिट बॉक्स घरभर फिरवू नका. तो खोली ठरल्यावरचा आहे. प्रत्येक खोलीत दिवा बंद करून उभं राहायचं म्हणजे सॅनिटी (अंधारात घटत जाणारा मनाच्या स्थैर्याचा आकडा) खर्च, आणि सुरुवातीला तेवढीच तर शिल्लक असते.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

लई भारी माहिती. ब्रेकर आम्ही खरंच लावत नव्हतो, टॉर्चवर भागवत होतो. भाषेचंही आत्ता कळलं.

आता दोन प्रश्न. चौघांत काम कसं वाटायचं? आणि खोली सापडली, सगळं मांडलं, तरी भूत तिथं काही करतच नाही असं झालं तर त्यानं खोली बदलली असं धरायचं का?

शाहूपुरी_व्हॅनमास्टर

पांगायचं. चौघं एकामागं एक फिरलात तर चार डोळ्यांचं काम आठ डोळे करतात, आणि हंटला एकाच कपाटासमोर चेंगराचेंगरी.

पहिला: टॉर्च, थर्मामीटर, ईएमएफ. हा घराच्या एका टोकाकडून सुरू करतो. दुसऱ्याकडंही तेच तीन, दुसऱ्या टोकाकडून. त्यासाठी एक थर्मामीटर आणि एक रीडर जास्तीचा विकत घ्या, पहिले पैसे तिथंच घाला. दोघं मध्ये भेटले की घर एकदा मापून झालं. तिसरा: टॉर्च, यूव्ही आणि व्हिडिओ कॅमेरा. तो थेट ब्रेकरकडं जातो, चालू करतो, मग हॉलमध्ये उभा राहून दारांचे आवाज ऐकतो आणि आवाज आला की यूव्ही घेऊन पळतो. चौथा व्हॅनमध्ये, रेडिओवर. हे काम बिनकामाचं वाटतं, पण ॲक्टिव्हिटीचा आलेख त्याच्यासमोर असतो. आलेख उसळला की त्यानं "आत्ता काहीतरी झालं" एवढं ओरडायचं. घरातल्या तिघांपैकी ज्याला काही ऐकू आलं त्यानं खोलीचं नाव घ्यायचं. कुणालाच काही ऐकू आलं नाही तर जिथं माणूस नाही त्या भागात भूत आहे. हे असं नकारात उत्तर मिळणंही मोलाचं असतं.

खोल्यांची नावं नकाशावरचीच वापरा. "अरे ती डावीकडची" म्हणालात तर चौघांची डावी बाजू चार दिशांना.

आत शिरताना सगळी दारं स्वतः बंद करत चला. नंतर जे उघडं दिसेल ते आपलं नाही. तुम्हीच निम्मी उघडी टाकलीत तर ती खूण हातातून गेली.

वेळेचा हिशेब: अमॅच्युअरला सेटअपची ५ मिनिटं मिळतात, इंटरमीडिएटला २, प्रोफेशनलला काहीच नाही. या वेळात भूत स्वतःहून हंट करत नाही. पाच मिनिटांत थर्मामीटरच्या दोन फेऱ्या आरामात होतात. दोन फेऱ्या झाल्या आणि खोली ठरली नाही तर कुणाच्यातरी हातून घाई झाली आहे.

भवानी_मंडप

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: अमॅच्युअरवर असाल तर भूत आवडती खोली बदलत नाही. फिरायला बाहेर जातं, परत येतं. त्यामुळं तुमच्या पातळीवर "खोली बदलली" हा निष्कर्ष बहुतेक वेळा "आधीच चुकीची धरली" याचं सभ्य नाव असतं. पुढच्या पातळ्यांवर खरंच बदलते. तिथं थर्मामीटर पुन्हा बाहेर काढायचा: जुनी खोली उबदार होत चालली आणि दुसरी उतरत चालली तर सामान हलवा. गोर्यो हा एकच असा की कितीही वरच्या पातळीवर तो आपली खोली सोडत नाही.

पण सामान हलवण्याआधी दोन गोष्टी. एक, तुम्ही सगळे त्याच खोलीत गर्दी करून उभे नाही ना? काही भुतं, खास करून शेड, माणसं जवळ असली की अंग चोरतात. वही ठेवून बाहेर या, दोन मिनिटं शांत राहा. दोन, गोर्यो डॉट्सच्या (हिरवे ठिपके पाडणाऱ्या प्रोजेक्टरच्या) प्रकाशात फक्त कॅमेऱ्यातूनच आणि खोलीत कुणी नसतानाच दिसतो. उघड्या डोळ्यांनी डॉट्सकडं बघत बसलात तर तो नाहीच असं वाटेल.

मीठ स्वस्त आहे, वापरा. दोन संशयित खोल्यांच्या दारात एकेक ढीग. तुडवला गेला की कळतं, वर यूव्ही मारला की पावलं दिसतात. सगळीकडं ढीग जसाच्या तसा आणि बाकी हालचाल मात्र भरपूर, तर रेथचा विचार करा, तो मिठावर पाय देत नाही.

पन्हाळा_धुकं

हंटबद्दल आणि मोठ्या मॅपबद्दल भर घालतो.

सर्वसाधारणपणे टीमची सरासरी सॅनिटी ५०% च्या खाली आली की भूत हंट करू शकतं. सरासरी हा शब्द महत्त्वाचा. तिघं दिव्याखाली उभे आणि एकटा अंधारात फिरून २०% वर असेल तरी तुम्ही सुरक्षित असू शकता. अपवाद आहेत: डेमन ७०% पासूनच सुरू होतो, शेड ३५% पर्यंत थांबतो. व्हॅनमधला माणूस आकडा वाचत राहील तर आश्चर्याचा धक्का बसत नाही. तुमची निम्मी टीम गारद होते ती बहुधा त्यामुळंच: अंधारात खूप वेळ, ब्रेकर बंद, आकड्याकडं कुणाचंच लक्ष नाही.

टॉर्च लुकलुकायला लागली, हातातली यंत्रं वेडीवाकडी वागू लागली आणि बाहेरचं दार उघडेना, की हंट. अमॅच्युअरवर तुम्हाला पहिले ५ सेकंद सूट असते, त्यात भूत कुणाला मारत नाही. तेवढ्यात नजरेआड व्हा, कपाटात किंवा आडोशाला, टॉर्च बंद, हातातलं इलेक्ट्रॉनिक सामान बंद किंवा खाली, आणि तोंडही बंद. भूत आवाज ऐकतं. "कुठं आहेस बे" असं मित्राला विचारणं म्हणजे पत्ता देणं.

हंटमधूनही खोली कळते. भूत त्या क्षणी जिथं असतं तिथूनच हंट सुरू करतं. सुरुवातीची पावलं कुठल्या बाजूनं वाजली ते ऐकून ठेवा, जगलात तर उपयोग होईल. त्याहून बरं म्हणजे संशयित खोलीत क्रूसिफिक्स, म्हणजे क्रूस, टाकून ठेवणं. पहिल्या टियरचा ३ मीटरच्या आतली एक हंट रोखतो आणि जळतो. जळालेला क्रूसिफिक्स म्हणजे भूत त्या तीन मीटरांत होतं याची सही. मॅच संपेपर्यंत तसाच राहिला आणि हंट मात्र झाल्या, तर तुमची खोली बहुधा चुकली. धूप पेटवला तर साधारण ९० सेकंद नवी हंट होत नाही, तेवढ्यात अर्धवट राहिलेलं एखादं माप पुरं करता येतं.

मोठ्या मॅपवर, शाळा किंवा तुरुंग, थर्मामीटर घेऊन एकेक खोली मापत बसलात तर सकाळ होईल. तिथं आधी विभाग ठरवायचा. साउंड सेन्सर मोठ्या कॉरिडॉरमध्ये, मोशन सेन्सर चौकात किंवा जिन्यापाशी, आणि व्हॅनमधला माणूस नकाशा बघून सांगतो की कुठली बाजू जिवंत आहे. पॅराबोलिक मायक्रोफोन लांबच्या खोल्यांकडं रोखून फिरवायचा, भिंतीपलीकडचे आवाजही त्यात येतात. विभाग कळला की मगच थर्मामीटर. पण हे तुम्हाला आत्ता नको. टँगलवुड, एजफील्ड, रिजव्यू, विलो स्ट्रीट एवढ्यांवर हात बसू दे.

पॉइंट होप दीपगृह दिसायला भयानक, पण खोली शोधायला सोपं. उभी इमारत, मजल्यावर मजला. थर्मामीटर घेऊन चढत जायचं, गार मजला आला की थांबायचं. फक्त हंटला खाली पळताना जिन्यात लपायला जागा नसते.

रंकाळा_रात्रपाळी

शापित वस्तूंचा उल्लेख राहिला. घरात कधी हॉन्टेड मिरर मिळाला तर तो खोली शोधायचं सगळ्यात जलद साधन आहे: हातात घेऊन वापरला की भुताची खोली त्यात दिसते. एक-दोन सेकंदच बघा, भिंतीचा रंग आणि एखादं फर्निचर लक्षात ठेवा, लगेच बंद करा. सॅनिटी झपाट्यानं उतरते आणि संपली की आरसा फुटून हंट सुरू. खोल्या आधी फिरून ओळखीच्या झाल्या असतील तरच उपयोग. नाहीतर "एक पलंग दिसला" एवढंच हाती येतं आणि टँगलवुडमध्ये पलंग काय कमी आहेत.

वीजा बोर्डला, म्हणजे भुताला प्रश्न विचारायच्या अक्षरांच्या पाटीला, कुठं आहेस विचारलं तर खोलीचं नावच सांगतो, सॅनिटीची मोठी किंमत घेऊन. म्युझिक बॉक्स वाजवला की भूत सोबत गातं, तो सूर कुठून येतो ते ऐकायचं. पण भूत जवळ असताना वाजवलात तर सरळ हंट. आणि या वस्तूंनी ओढवून घेतलेली हंट सेटअपच्या पाच मिनिटांतही होते, "अजून वेळ आहे" या भरवशावर राहू नका.

थर्मामीटरवाला

शिकायचं असेल तर पहिले दहा-पंधरा कॉन्ट्रॅक्ट आरशाला हात लावू नका, असं मी म्हणेन. त्याची सवय लागली की थर्मामीटर वाचायचा राहून जातो, आणि आरसा दर वेळी थोडाच मिळणार.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

ताई, दादा, सगळ्यांचे आभार. आज रात्री ब्रेकर, दोन टोकांनी थर्मामीटर आणि चौथा व्हॅनमध्ये असं करून बघतो. शेवटचं एक: खोली पक्की झाल्यावर वही, डॉट्स आणि कॅमेरा नेमके कुठं ठेवायचे? आम्ही सगळं दारातच टाकतो.

शाहूपुरी_व्हॅनमास्टर

दारात टाकलं तर स्वतःच्याच पायात येतं, आणि लांबच्या कोपऱ्यातलं भूत वहीपर्यंत पोचत नाही. वही खोलीच्या मधोमध जमिनीवर, उघडी. डॉट्स अशा भिंतीच्या बाजूला की हिरवे ठिपके खोलीच्या मोकळ्या भागावर पडतील, पलंगाखाली किंवा कपाटामागं नाही. कॅमेरा दाराशेजारच्या कोपऱ्यात, त्यातून वही आणि डॉट्स दोन्ही दिसतील असा. मग ऑर्ब, लिखाण आणि डॉट्समधली आकृती या तिन्हीसाठी तो एकच कॅमेरा पुरतो. दिवा बंद. क्रूसिफिक्स वहीपासून हातभर अंतरावर. ईएमएफ जमिनीवर चालू ठेवून द्या, तेवढाच एक हात मोकळा. नंतर खोलीतून बाहेर पडा आणि व्हॅनमधून बघा.

सामान नेताना तिघांनी एका फेरीत नेलं तर बसतं: एकाकडं वही, डॉट्स, टॉर्च, दुसऱ्याकडं कॅमेरा, ट्रायपॉड, टॉर्च, तिसऱ्याकडं क्रूसिफिक्स, स्पिरिट बॉक्स, टॉर्च. ईएमएफ आणि थर्मामीटर आतच आहेत. स्पिरिट बॉक्सवाला शेवटी एकटा आत थांबतो, तो कोण ते आधीच ठरवा, नाहीतर दारात उभं राहून "तू जा, तू जा" करण्यात सॅनिटी जाते.